मेन बंद केला, पण सूर्याचं काय?

आमच्या कॉलनीत हल्ली हळदीकुंकवालाही सोलरचाच विषय निघतो. ‘तुमचं बिल किती आलं हो?’ हे साडीच्या किमतीइतक्याच उत्सुकतेनं विचारलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि गच्च्यागच्च्यांवर पॅनेल दिसू लागली. चांगलंच झालं. पण आमच्या बचत गटात मी सहज विचारलं, ‘तुमच्या सोलरचा डीसीचा स्विच कुठे आहे?’ तर अनुदानाचा आकडा तोंडपाठ असणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ‘ते ह्यांना माहीत’, हे ठरलेलं उत्तर!

आणि ‘हे’ असतात ऑफिसात. दुरुस्तीवाला येतो तो भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. दार उघडतो आपण.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंकडे असंच झालं. सोलर बंद पडलं म्हणून त्यांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. वीस वर्षांचा अनुभव असलेला, हुशार माणूस. त्यानं घरातला मेन काढला आणि तो गच्चीवर पॅनेलची जोडणी उपसायला बसला. मी योगायोगानं कपडे वाळत घालत होते. ‘दादा, थांबा जरा,’ म्हटलं. ‘वहिनी, मेन काढलाय, आता कुठला करंट?’ तो म्हणाला. मी बी.ए. मराठी, त्याला काय शिकवणार? पण आमच्याकडे सोलर बसवणाऱ्या मुलानं एक वाक्य सांगितलं होतं, ते विसरले नव्हते: मेन बंद करता येतो, सूर्य बंद करता येत नाही. मी त्या मुलाला फोन लावून वायरमनच्या हातात दिला. दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं.

नंतर त्या मुलाला गटात बोलावून घेतलं. त्यानं सांगितलेलं मला समजलं ते असं. पॅनेलवर उजेड पडला की वीज तयार होणारच. एका मोठ्या पॅनेलचा दाब साधारण ५० व्होल्ट. सहा पॅनेल माळेसारखी एकापुढे एक जोडली की झाले ३०० व्होल्ट. मेन काढला की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लाइट गेल्यावर सोलर असूनही घरात अंधार होतो तो त्यामुळेच, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या महावितरणच्या माणसाला आपल्या घरातून शॉक बसायचा. पण इन्व्हर्टर थांबला तरी पॅनेलपासून खाली येणाऱ्या तारा जिवंतच राहतात.

त्यातून ही वीज डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला वाव असतो. डीसीला शून्यच नाही. चालू प्रवाहात जोडणी ओढली, तर दोन टोकांमध्ये जाळ धरून राहतो. हात भाजतो, आगही लागू शकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सोलरचा एसी स्विच बंद, म्हणजे प्रवाह थांबतो. मग इन्व्हर्टरजवळचा डीसी आयसोलेटर बंद. इन्व्हर्टरच्या पोटात वीज साठलेली असते, ती उतरेपर्यंत त्यावर लिहिलेली पाच-दहा मिनिटं थांबायचं (चहा होतो तेवढ्यात). मग डीसी मोजणाऱ्या मीटरनं तपासायचं, खिशातल्या टेस्टरवर भरवसा नाही. प्रवाह शून्य दिसल्याशिवाय गच्चीवरच्या जोडणीला हात नाही. बॅटरी असेल तर तिचाही स्विच वेगळा. आणि हे सगळं करणारा माणूस सोलरचं काम शिकलेलाच हवा.

मग आपलं काम काय? मला विचाराल तर राखणदारीचं. बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी. ‘टीव्ही का लागत नाही’ म्हणून नातवानं मध्येच स्विच वर केला तर? घरोघरी हे होऊ शकतं. काम संपवून माणूस खाली उतरेपर्यंत तिथे कुणी तरी उभं राहावं. पॅनेलची काच तडकलेली दिसली तर पाण्याचा पाइप घेऊन वर जाऊ नये. आणि कधी आग लागलीच, तर अग्निशमन दलाला फोनवरच सांगावं की गच्चीवर सोलर आहे.

एका आजींनी छान विचारलं, ‘पॅनेलवर जाड गोधडी टाकली तर?’ मुलगा हसला नाही. म्हणाला, ‘आजी, वीज कमी होईल, पण वाऱ्यानं गोधडी उडाली की पुन्हा जिवंत. तिच्या भरवशावर तारेला हात लावायचा नाही.’ ‘मग रात्री करा की!’ पॅनेल झोपतात खरी, पण महावितरणची बाजू जागीच असते आणि अंधारात गच्चीच्या कडेला कोण चढणार?

आता गटातल्या सोळा घरांत स्विचांवर मराठीत नावं लिहून चिकटवली आहेत: ‘सोलर एसी’, ‘सोलर डीसी’. काकूंच्या वायरमननं स्वतःसाठी डीसी मीटर घेतला. परवा आमच्याकडे पंखा बसवायला आला होता, तेव्हा दारातच विचारलं, ‘वहिनी, तुमचा आयसोलेटर कुठं आहे?’