कुंडीतली शतावरी

शतावरीच्या वेलाला हात लावून पाहा. मऊ हिरव्या सुयांचे झुबके बोटांना गुदगुल्या करतात आणि तेवढ्यात एखादा वाकडा काटा टोचतो. गंमत म्हणजे त्या सुया पानं नव्हेतच! त्या आहेत बारीक झालेल्या फांद्या. अन्न तयार करायचं काम त्यांनीच उचललंय. खरी पानं उरली ती नावापुरती, खवल्यांएवढी. खोडावरचे काटेही त्यांच्यापासूनच झालेले.

हॉटेलात मिळणारं अ‍ॅस्परॅगस हिच्याच कुळातलं. त्याचे जमिनीतून नुकतेच वर आलेले कोवळे कोंब खातात. आपल्या शतावरीची ख्याती मात्र मुळांसाठी. बोटभर जाडीच्या, पांढरट मुळांचा जुडगाच मातीखाली असतो. त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असल्यामुळे उन्हाळ्यात वेल वाळला, तरी पावसाबरोबर नवे कोंब फुटतात.

घरी लावायची तर किमान दीड फूट खोल कुंडी घ्या. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. पाणी साचलं की मुळं कुजतात. बी रात्रभर भिजवून पावसाळ्याच्या तोंडावर पेरा. उगवायला महिनाभरही लागतो, तेव्हा घाईने माती उकरू नका. वेल चढायला काठी रोवा.

मुळं काढायला निदान दीड-दोन वर्षं थांबा. काढल्यावर कोंब असलेला ठोंब पुन्हा मातीत लावा. औषध म्हणून घ्यायची असतील, तर आधी वैद्यांना विचारा.