जाळरेषेपासून बॅरिकेडपर्यंत

१२ ऑगस्ट २०२३ ला चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल सुरू झाला आणि पुण्याच्या पश्चिमेची गाठ सुटली. शहराला हायसं वाटलं, ते रास्तच होतं. त्या चौकात माणसांचं आयुष्य खर्ची पडत होतं. पण चौकात अडणारी गर्दी आता विनाअडथळा पुढे येते. भुगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असा हा एकच रस्ता ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. पावसाळ्यातल्या रविवारी भुकूममधून जाणारी वाहनांची रांग बहुतांशी एका अभयारण्याकडे निघालेली असते, आणि त्या रांगेतल्या कितीतरी जणांना आपण अभयारण्यात चाललो आहोत याचा पत्ताही नसतो. ताम्हिणीच्या गेल्या दहा-बारा वर्षांचा मागोवा या रांगेपासूनच घ्यावा लागतो, कारण जंगल राखणाऱ्यांचं रोजचं काम तिनेच बदलून टाकलं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली याच वाटेवरच्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो हरला आणि खोरं पाण्याखाली गेलं. वर उरलेल्या डोंगरांतली देवराई मात्र माणसांनी नेमानं सांभाळली. वाळलेली काटकीसुद्धा तिथून उचलायची नाही, हा दंडक कुठल्याही कायद्याच्या आधीचा. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या दंडकाचं मोल अभ्यासकांच्या लक्षात आलं. पुढे आला पश्चिम घाटाच्या संरक्षणाविषयीचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल, त्याला सौम्य करणारा कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा अहवाल आणि २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघणाऱ्या मसुदा अधिसूचना, ज्यांतली सहावी ३१ जुलै २०२४ ची. दहा वर्षं सरकार मसुदेच काढत राहिलं, आणि तेवढ्या काळात डोंगरउतारांवर प्लॉटचे दगड रोवले गेले. हा दोष कुणा एका पक्षाचा नाही. पण तो विसरून चालणार नाही.

२०१३ मध्ये पुणे आणि रायगड जिल्ह्यांतलं सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगल ताम्हिणी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. राजपत्रातल्या ओळींनी जंगलाची हद्द ठरते. ते राखलं जातं वनरक्षक आणि वनमजुरांच्या हातांनी. पावसाळा सरला की उतारांवरचं गवत पिवळं पडतं आणि वणव्याची भीती सुरू होते. मग जाळरेषा काढायच्या: ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं, वारा पडला की पेटवायचं आणि आग पट्ट्याबाहेर जाऊ नये म्हणून हिरव्या डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना उभं राहायचं. उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर आलेलं जनावर नोंदवायचं. शेकरू एकाच हंगामात अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटी मोजताना वापरातलं कोणतं आणि सोडलेलं कोणतं हे पानांच्या ताजेपणावरून ओळखावं लागतं. ही नजर बीटात वर्षानुवर्षं फिरून येते. अशा कामाची बातमी होत नाही, कारण ते नीट झालं तर काहीच घडत नाही.

याच माणसांना आज जून ते सप्टेंबर घाटात बॅरिकेडपाशी उभं राहावं लागतं. २०२४ च्या जूनअखेरीस ताम्हिणी घाटातल्या प्लस व्हॅलीत उडी मारलेला एक तरुण बुडाला, दुसऱ्याच दिवशी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि जिल्हा प्रशासनाने प्रतिबंधात्मक आदेश काढले. जीव वाचवणं आधी, यात वाद नाही. पण पर्यटक आवरण्याचं काम गस्तीच्याच माणसांवर टाकलं की गस्त मागे पडते. पावसाळा हा बेडकांच्या, सापांच्या विणीचा काळ, आणि नेमक्या त्याच महिन्यांत निरीक्षण करणारे डोळे रस्त्याकडे लागलेले असतात.

गर्दी आणि राखण यांचा मेळ घालता येतो, याचं एक दूरचं उदाहरण पाहू. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ आयल ऑफ मे नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९३४ पासून पक्षी-निरीक्षण केंद्र चालतं, आणि १९५६ पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. पर्यटकांना प्रवेश साधारण एप्रिल ते सप्टेंबर, तोही काही तासांचा आणि आखलेल्या पायवाटांवरच, कारण पफिन पक्ष्यांची बिळं पायाखाली ढासळतात. शरदात सील माद्या पिलं देतात तेव्हा बेट पर्यटकांना बंद. बेटाला समुद्राचं कुंपण आहे, ताम्हिणीतून वाहता रस्ता जातो, ही तुलना कशी चालेल, असं कुणीही विचारेल. पण समुद्र फक्त वाट अवघड करतो. किती जणांनी, कधी आणि कुठून चालायचं हे माणसांनी ठरवलेलं आहे. आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालता आली, तिथे तर समुद्र नाही.

स्थानिकांच्या पोटाचं काय, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. मक्याची कणसं भाजणारी, चहाची टपरी लावणारी कुटुंबं याच गर्दीवर चार महिने जगतात, आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांची जमीन धरणाने आधीच घेतलेली आहे. त्यांना आणखी एकदा त्याग करायला सांगणं अन्यायाचं ठरेल. याला उत्तर वेळासने दिलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिलं समुद्रात सोडण्याच्या वेळेला पाहुणे दोरीमागे उभे राहतात आणि जेवायला-झोपायला गावातल्याच घरांत जातात. तिथे कमाई राखणीला बांधलेली आहे. ताम्हिणीतल्या टपरीची कमाई फक्त गर्दीला बांधलेली आहे, म्हणून गर्दी बेफाम झाली तरी ती आवरण्यात टपरीवाल्याचा लाभ नसतो. गावातल्याच पोरांना वाटाडे, मोजणीदार, जाळरेषेचे मजूर म्हणून बारमाही पगार मिळाला, तर घाटात रोज उभी असणारी हीच माणसं सर्वांत कडक राखणदार होतील.

राहिला रस्ता. तो बंद करता येत नाही, हे खरं आहे. दिवसा तो बंद करायचं कारणही नाही. कर्नाटकातल्या बंदीपूरमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक थांबवली आहे. ताम्हिणीत अभयारण्याच्या हद्दीत रात्रीचा वेग बांधून देणं, गाड्या उभ्या करायच्या जागा मोजून ठरवणं आणि बाकी ठिकाणी थांबूच न देणं, याला नवा कायदा लागत नाही. त्या रस्त्यावरून रात्री भेकर आणि उदमांजरही जातात.