आगपाण्याच्या मधला पत्रा

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरला येताना कन्नडच्या अलीकडे औट्रम घाट चढावा लागतो. मे महिन्याची दुपार, पुढे गाड्यांची रांग, आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वेळी कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी मारुती 800 दिसते. रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकतो, "हेड गॅस्केट उडालं!"

उडालं असेलही, नसेलही. ते कसं ओळखायचं हे बघूच. पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त चकित करतो : ते इतकी वर्षं टिकलंच कसं?

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग. दोघांच्या मध्ये भोकाभोकांचा एक पत्रा, जाडी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. हेच हेड गॅस्केट. मोठी भोकं सिलिंडरची, बारकी पाण्याची आणि ऑइलची. एका भोकात पेट्रोल पेटतंय, बोटभर अंतरावर कूलंट वाहतोय, पलीकडून ऑइल चाललंय, आणि तिघांनी एकमेकांना शिवायचं नाही!

आता आकडे बघा. पेटलेल्या वायूचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. हेड असतं ॲल्युमिनियमचं, ते 660 अंशांना वितळतं. मग वितळत का नाही? कारण ज्वाला काही सहस्रांश सेकंदच टिकते आणि बाजूने वाहणारा कूलंट धातूची उष्णता क्षणोक्षणी उचलून नेतो. दाबाचं काय? मारुती 800 च्या सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर. स्फोटाच्या वेळी दर चौरस सेंटीमीटरवर चाळीसेक किलो दाब धरला, तर हेडला वर ढकलणारं बल होतं सुमारे दीड टन. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल, तर हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा बसतो.

याहून मोठं नवल पुढे आहे. अशा इंजिनात ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. तीस सेंटीमीटर लांबीचे दोन तुकडे वीसपासून नव्वद अंशांपर्यंत तापवले, तर बीड पाव मिलिमीटर वाढेल आणि ॲल्युमिनियम अर्धा. म्हणजे गाडी रोज सकाळी गरम होताना वरचा धातू खालच्यावरून घासत सरकतो, रात्री परत येतो. मधल्या पत्र्याने हे सगळं सोसून एक थेंबही गळू द्यायचा नाही. पूर्वी त्यासाठी तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ते मागे पडलं. आता पोलादी पातळ पत्र्यांचे थर असतात. सिलिंडरच्या कडेने त्यांत बारीक उंचवटे काढलेले असतात आणि ते स्प्रिंगसारखे दबतात, उसळतात.

मग बिघडतं कुठे? हेड आवळणारे बोल्ट पोलादी, ते ॲल्युमिनियमपेक्षा कमी वाढतात. त्यामुळे इंजिन तापलं की पकड आपोआप घट्ट होते. किती सुंदर सोय! पण तापमान हाताबाहेर गेलं की हीच सोय उलटते. फुगलेलं हेड गॅस्केटला चिरडतं, स्वतः वाकतं, आणि थंड झाल्यावर पकड सैल पडते. चिरडलेला पत्रा पुन्हा फुलत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे, की गॅस्केट बहुतेक वेळा गुन्हेगार नसतं, बळी असतं. गुन्हेगार शोधायचा तो रेडिएटरमध्ये, पंख्यात, वॉटर पंपात. रेडिएटरचं झाकणसुद्धा साधं समजू नका. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग कुकरच्या शिट्टीसारखा दाब धरून ठेवते आणि तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ही स्प्रिंग थकली की इंजिन निरोगी असूनही गाडी उकळते! आणि आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. ते रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की तापून त्यातला चुना आतल्या भिंतींवर साचतो. हा थर ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता जवळजवळ अडवूनच धरतो.

शंका आल्यावर काय बघायचं? कूलंट कुठेही गळताना दिसत नाही, तरी कमी होतो. सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. थंड गाडी सुरू करताच वरचा होजपाइप दगडासारखा टणक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. पण हिवाळ्यातल्या सकाळचा पाच मिनिटांचा पांढरा धूर म्हणजे निव्वळ वाफ. फक्त कोपऱ्यापर्यंत फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ थरही बहुधा दमटपणाचाच. यावरून हेड उघडायला सांगू नका.

खात्री करून घ्यायला एक विलक्षण चाचणी आहे. जळलेल्या पेट्रोलच्या वायूत कार्बन डायऑक्साइड साधारण 13 टक्के, आपल्या हवेत 0.04. गॅस्केट फुटलं असेल तर हा वायू कूलंटमध्ये घुसणारच. मग थंड इंजिनाचं झाकण काढून कूलंट थोडा उतरवायचा, तोंडावर एक नळी बसवायची, तीत निळा द्रव. इंजिन चालू ठेवून रबरी फुग्याने कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढून घ्यायची. द्रव निळाच राहिला तर दिलासा, पिवळा पडला तर आगीने पाण्याची सीमा ओलांडली! हा द्रव म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला दर्शक. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून किंचित आम्ल बनतं, तेवढ्याने रंग पालटतो. गळती केवळ पाणी आणि ऑइल यांच्यात असेल तर मात्र ही चाचणी ती पकडत नाही, तिथे डिपस्टिकचीच साक्ष घ्यायची. आणि सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायचंच. शेजारच्या दोन सिलिंडरांत ते एकदम पडलं असेल तर त्यांच्या मधली पट्टी गेली म्हणून समजा.

निदान पक्कं झालं तर हेड उतरतं. नवं गॅस्केट ठेवून तसंच आवळणारे असतात, आणि काही महिन्यांत तीच गाडी परत येते. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाकडेपणा मोजायला हवा. तो साधारण 0.05 मिलिमीटरहून जास्त नको, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी! जास्त असला तर फेसिंग मारून हेड सपाट करून घ्यायचं. बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. अनेक इंजिनांत ते मुद्दाम ताणले जातील असे बनवतात, ते पुन्हा वापरायचेच नसतात. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत आता सोडून द्यायला हवी. त्याच्याविना इंजिन योग्य तापमानाला स्थिर राहत नाही.

शेवटी नवा कूलंट भरताना अडकलेली हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा हेडमध्ये राहिला तर तिथला धातू पाण्याविना तापतो. बंद नळांतल्या हवेचं हे दुखणं या शहराला सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. मलिक अंबरने नहर बांधून शहरात पाणी खेळवलं, पुढे इतरांनी पाणचक्कीसाठी डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं, आणि वाटेत हवा आणि दाब मोकळा व्हावा म्हणून विटाचुन्याचे उंच खांब उभे केले.

तुमच्या गाडीचं काम झालं असेल, तर दोन दिवसांनी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी स्वतः तपासा. उतरलेली दिसली तर गाडी तशीच चालवू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.