दुकानाचा पहारेकरी थकतो तेव्हा...

दुकानात कॅमेरे बसविले म्हणजे आपले काम संपले, अशी बहुतेक व्यापारी बांधवांची समजूत असते. आमचीही होती. या समजुतीने आमचे पैशाचे नुकसान झाले नाही. मात्र एका गरीब मुलाची इभ्रत जाता जाता वाचली. त्याला कारण होता संगणकाच्या पडद्यावर दिसणारा एक आकडा, ज्याकडे आम्ही कित्येक महिने लक्षच दिले नव्हते.

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव. बोर धरणाकडे आणि बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारी वाहने या बाजूने जातात. आमचे खाली कापडाचे दुकान, मागे गोदाम आणि वर घर. तिन्ही ठिकाणी मिळून सहा कॅमेरे. त्यांचे चित्रण साठविण्यासाठी एक जुना संगणक आम्ही स्वस्तात घेतला आणि गल्ल्यामागच्या कपाटात ठेवून दिला. तो रात्रंदिवस चालत असे. पंख्याचा आवाज वाढला, कपाट तापू लागले, तरी आम्ही म्हणालो, उन्हाळा आहे, चालायचेच.

लग्नसराईत एके दुपारी बारा साड्यांचा गठ्ठा दिसेना. त्या वेळी काउंटरवर कामावरचा मुलगा होता. चित्रण पाहिले, तर तीन वाजून दहा मिनिटांनी गठ्ठा गादीवर दिसतो आणि पुढचे चित्र एकदम तीन वाजून चौदा मिनिटांचे. गठ्ठा नाही. मधली चार मिनिटे गायब. आम्ही तोंडाने काही बोललो नाही, पण नजर बोलायची ती बोलली. दोन दिवस तो मुलगा मान खाली घालून काम करीत होता. तिसऱ्या दिवशी गल्लीतली फॉल-पिको करणारी बाई तोच गठ्ठा घेऊन दारात उभी! गर्दीच्या गडबडीत तो आम्हीच तिच्या हाती दिला होता आणि वहीत नोंद करावयाची राहून गेली होती. आम्ही त्या मुलाची माफी मागितली. पण ती चार मिनिटे गेली कुठे, हा प्रश्न राहिलाच.

थानाची घडी आणि संगणकाचे ओझे

आमचा भाचा नागपूरला संगणकाचे शिक्षण घेतो. त्याने कपाट उघडले, टास्क मॅनेजर लावला आणि म्हणाला, "मामू, प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आहे. हा बिचारा दम घ्यायलाही मोकळा नाही." आम्ही विचारले, "नुसते चित्र साठवायला एवढी मेहनत कसली?" त्यावर त्याने आम्हालाच उलट विचारले, "मामू, सुरतेहून गाठ आली की तुम्ही ती तशीच गोदामात ठेवता, की प्रत्येक थान उलगडून, पाहून, पुन्हा घडी घालून ठेवता?"

येथे सारे उमगले. कॅमेरा चित्राची घडी घालून पाठवितो, कारण उलगडलेले चित्र तारेत मावणार नाही. ही घडी घालण्याच्या दोन रीती आज प्रचलित आहेत: २००३ साली आलेली एच.२६४ आणि २०१३ सालची एच.२६५. नवी रीत घट्ट घडी घालते, जागा कमी लागते, पण उलगडावयास मेहनत अधिक पडते. आमचा संगणक सहाही कॅमेऱ्यांचे प्रत्येक चित्र उलगडत होता, हालचाल तपासत होता, पुन्हा घडी घालत होता, आणि वर सहाही चित्रे पडद्यावर दाखवीतही होता. हात पुरेनात तेव्हा तो काही चित्रे सोडून देई. फारच तुंबले म्हणजे कॅमेऱ्याशी असलेला संबंध तुटे आणि पुन्हा जुळेपर्यंत मिनिटे निघून जात. आमची चार मिनिटे अशीच गेली होती.

हिशेब मांडला तर डोळे दिपतात. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे एक चित्र म्हणजे २५६० गुणिले १४४०, अर्थात ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके. सेकंदाला २५ चित्रे धरली तर ९ कोटी २१ लाख ६० हजार ठिपके. सहा कॅमेरे म्हणजे सेकंदाला ५५ कोटींवर ठिपके. आठवड्याचे सातही दिवस, अहोरात्र!

उपाय कोणते?

पहिली गोष्ट, सर्व बदल एकदम करू नयेत. एक बदल करावा, दिवसभर पाहावे, प्रोसेसरचा आकडा वहीत लिहावा आणि मगच पुढचा बदल करावा. नाही तर कशाने गुण आला ते कळत नाही. आम्ही ज्या क्रमाने गेलो तो असा:

१) ओझे कोणाचे आहे ते पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक प्रोग्रामपुढे त्याचा वाटा दिसतो. कधी कधी दोष कॅमेऱ्याच्या प्रोग्रामचा नसून अँटीव्हायरसचा असतो. डिस्कवर पडणारी प्रत्येक नवी फाइल तो तपासत बसतो. चित्रणाचा फोल्डर त्या तपासणीतून वगळावा.

२) संगणकावरचे थेट दृश्य बंद ठेवावे. सहा खिडक्या उघड्या ठेवून पाहणारे कोणी नसेल, तर ती मेहनत फुकट जाते. पाहावयाचे तेव्हा उघडावे आणि पाहून झाल्यावर बंद करावे.

३) पुन्हा घडी घालणे बंद करावे. बहुतेक प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याकडून आलेले चित्रण जसेच्या तसे डिस्कवर उतरविण्याची सोय असते. गाठ न फोडता गोदामात ठेवावी, तसे हे आहे. चित्राचा दर्जाही घसरत नाही.

४) हालचाल तपासण्यासाठी नमुन्याची कात्रण वापरावी. गिऱ्हाइकाला रंग दाखवावयास आपण सारे थान उलगडत नाही. आजचे बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह देतात: एक मोठा आणि एक लहान, ज्याला सबस्ट्रीम म्हणतात. साठवण मोठ्याची करावी आणि तपासणी लहानावर. लहान चित्र ६४० गुणिले ३६० ठिपक्यांचे आणि सेकंदाला दहाच घेतले, तर सहा कॅमेऱ्यांचे मिळून १ कोटी ३८ लाख ठिपके होतात. म्हणजे मूळ ओझ्याचा चाळीसावा हिस्सा! सर्वांत मोठा फरक आम्हाला याच एका बदलाने पडला.

५) चित्रांचा वेग कमी करावा. दुकानासाठी सेकंदाला २५ चित्रे लागत नाहीत. १२ ते १५ चित्रांत माणसाचा चेहरा आणि हाताची हालचाल नीट दिसते. मात्र पूर्ण चित्र, ज्याला की-फ्रेम म्हणतात, ते सेकंदाला एक तरी यावे. ते फार अंतराने आले तर चित्रणाची सुरुवात हुकते. वेग १५ असेल तर हे अंतरही १५ ठेवावे.

६) उलगडण्याचे काम वेगळ्या कारागिराला द्यावे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक नावाचा एक वेगळा भाग असतो. त्याचे कामच चित्राची घडी घालणे व उलगडणे. प्रोग्राममध्ये ही सोय चालू करावी लागते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर ठीक असावा लागतो. येथे आमचा दुसरा दोष सापडला. आमचा संगणक २०१३ च्या चौथ्या पिढीचा. एच.२६५ उलगडण्याची पूर्ण सोय २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली. सबब आमचे सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडत होते. कॅमेरे एच.२६४ वर आणताच ते हलके झाले. डिस्क मात्र जास्त लागते. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी, आणि सहांचे मिळून सुमारे २५९ जीबी. चार टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस राहतात. आम्हाला तेवढे पुरते.

७) निरर्थक हालचाल झाकावी. दारातल्या लिंबाची फांदी हलली किंवा रस्त्यावरून दिवा चमकला, तरी प्रोग्राम धावपळ करतो. पडद्यावर तेवढा भाग तपासणीतून वगळता येतो. माणूस की जनावर हे ओळखणारी नवी सोय वापरावयाची असल्यास ती हालचाल झाल्यानंतरच चालू होईल अशी ठेवावी. प्रत्येक चित्रावर चालविल्यास चांगला संगणकही खाली बसेल.

८) धूळ काढावी. कापडाच्या दुकानात हवेत तंतू असतात. आमच्या पंख्यावर त्यांची चक्क गादी बसली होती. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांचा, त्यात बंद कपाट. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. मग तेच काम त्याला जड जाते आणि आकडा वर चढतो. संगणक बंद करून ब्लोअरने साफ केला आणि कपाटाला जाळीचे दार लावले.

हे सारे झाल्यावर आमचा आकडा दिवसा वीस टक्क्यांच्या आसपास राहू लागला. ओझे कमी झाले की विजेची बचत होते, हा वेगळा फायदा. सतत चालणाऱ्या यंत्राचे ५० वॅट वाचले तर महिन्याला ३६ युनिट वाचतात आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ साथ देतो.

ज्यांच्याकडे दोन-चारच कॅमेरे आहेत आणि एवढी उठाठेव करावयाची नाही, त्यांनी संगणकाऐवजी एनव्हीआरची तयार पेटी घ्यावी. ती याच एका कामासाठी बनविलेली असते. जुना संगणक स्वस्त पडतो, पण त्याची निगा आपल्यालाच राखावी लागते.

कायद्याच्या दृष्टीने

काही बांधव म्हणतील की दोन-चार मिनिटे गेली तर काय बिघडले? त्यांनी कायद्याची बाजू लक्षात घ्यावी. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्जाच्या वेळेवरून न्यायालयात गेला होता. त्यात कार्यालयातील कॅमेऱ्याचे चित्रण महत्त्वाचे ठरले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल तर अशा पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम आहे. त्या काळात यंत्र व्यवस्थित चालत होते, किंवा बिघडले असल्यास त्याने नोंदीच्या खरेपणावर परिणाम झाला नाही, हेही दाखवावे लागते. ज्याचा संगणक रोज धापा टाकतो आणि चित्रे गाळतो, त्याने हे कोणत्या तोंडाने लिहून द्यावे?

म्हणून महिन्यातून एकदा तरी तीन गोष्टी तपासाव्यात: प्रोसेसरचा आकडा, यंत्राचे घड्याळ, आणि कोणत्याही एका दिवसाचे चित्रण सलग आहे की नाही. आम्ही हे काम आता त्याच मुलाकडे सोपविले आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी तो कपाट उघडतो, आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. त्याच वहीत, पुढच्या पानावर, फॉल-पिकोला गेलेल्या साड्यांची नोंद असते. ती मात्र आम्ही स्वतःच्या हाताने करतो.