गिरणगावातल्या खानावळवाल्या

कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला आलेला गडी मुंबईत उतरला की थेट गावच्या खोलीवर जायचा. लालबाग-परळच्या चाळीत गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली ही खोली. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथे पाठ टेकायची. नोकरी लागेपर्यंत गाववालेच सांभाळून घेत.

आणि जेवण? ते खानावळवाल्या बायकांकडे. दहा बाय बाराच्या घरात, स्टोव्हवर, वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक! पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. कष्ट बायकांचे, फायदा सावकाराचा.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. तारण ठेवायला काहीही नसलेल्या बायकांना त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझ्या मते मुंबईतल्या समाजकार्यातलं हे फार मोठं पाऊल. पुरव गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गिरण्यांच्या इतिहासात संप, मालक, पुढारी भरपूर सापडतात. या बायका फार कमी. तुमच्या आजीने, मावशीने खानावळ चालवली असेल, तर तिच्या आठवणी आजच लिहून घ्या.