औद्योगिक चिलरमधील बिघाडाचे निदान : ‘गॅस कमी’ या निष्कर्षाची तपासणी

प्लास्टिक साचेकाम, औषधनिर्मिती, दुग्धप्रक्रिया अशा अनेक उद्योगांना थंड पाणी पुरविणारे यंत्र म्हणजे चिलर. ते बंद पडले की उत्पादन थांबते. दुरुस्तीची घाई होते आणि पहिले निदान बहुधा एकच असते : ‘गॅस कमी झाला.’ हे निदान पुष्कळदा अपुऱ्या पुराव्यावर केलेले असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बोलीभाषेत ज्यास गॅस म्हणतात ते शीतक बंद चक्रात फिरते. बाष्पकात ते पाण्याची उष्णता घेऊन उकळते. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब वाढवितो. कंडेन्सरमध्ये वाफेचा द्रव होतो आणि प्रसरण झडपेतून तो पुन्हा कमी दाबाकडे जातो. या चक्रात शीतक खर्च होत नाही. मुळात योग्य प्रमाणात भरलेले शीतक कमी झाले असेल तर कोठेतरी गळती असलीच पाहिजे.

‘गॅस कमी’ हा निष्कर्ष सामान्यतः कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या वाफेचा, म्हणजे चोषण बाजूचा दाब उतरलेला पाहून काढला जातो. परंतु केवळ दाब पुरेसा नाही. त्यासोबत नळीचे तापमानही मोजावे लागते. वाफ आपल्या उत्कलनबिंदूपेक्षा जितकी अधिक तापलेली, ते अतितापन. द्रव संघनन तापमानाखाली जितका गार झालेला, ते अवशीतन. दाब कमी, अतितापन जास्त आणि अवशीतन कमी असेल तर शीतक खरोखर कमी आहे. अतितापन जास्त असूनही अवशीतन टिकून असेल, तर द्रवाच्या वाटेत अडथळा आहे. फिल्टर-ड्रायरच्या दोन टोकांतील तापमानाचा फरक हाताला देखील जाणवतो. अतितापनही कमी असेल तर दोष पाण्याच्या बाजूला शोधावा.

विद्यार्थ्यांसमवेत एका कारखान्यास भेट दिली असता हा तिसरा प्रकार पाहावयास मिळाला. चिलर कमी दाबावर वारंवार बंद पडत होता आणि दोन वेळा गॅस भरून झाला होता. बाहेर जाणारे पाणी ७ अंश सेल्सिअस, परतणारे मात्र १५ अंश. एरवी हा फरक ५ अंश असे. भार तोच धरल्यास प्रवाह पाच-अष्टमांश, म्हणजे सुमारे ६२ टक्के उरला होता. (या गणितास शालेय उष्णताशास्त्र पुरते, ही आम्हा शिक्षकांस सुखावणारी बाब.) पंपापूर्वीची जाळी गाळाने भरली होती. प्रवाह पूर्ण थांबला नसल्याने फ्लो स्विचने यंत्र बंद केले नव्हते. अशा स्थितीत बाष्पकाच्या नळ्यांत पाणी गोठून नळ्या फुटण्याचा धोका असतो. मग पाणी शीतकाच्या चक्रात शिरते आणि कॉम्प्रेसरही जातो.

जादा भरलेल्या गॅसने नवा दोष निर्माण केला होता. अतिरिक्त द्रव कंडेन्सरमध्ये साचून दुपारी यंत्र उच्च दाबावर बंद पडू लागले. उच्च दाबाची क्षार, हवा, कूलिंग टॉवरचा बंद पंखा अशी इतरही कारणे असतात. येथे मात्र अवशीतन अवाजवी वाढलेले होते.

शीतक आर-२२ होते. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे, शिवाय ते ओझोनलाही घातक. म्हणून जादा शीतक हवेत न सोडता रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेण्यात आले. जाळी धुण्यास वीस मिनिटे लागली.