प्रकल्प अहवालाचा जीव कशात?
कोकणात हापूसचा पल्प डबाबंद करणारा उद्योग घ्या. फळ एप्रिल-मेमध्ये रोखीनं घ्यावं लागतं. माल वर्षभर विकला जातो, उधारी त्याहून उशिरा येते. म्हणून वार्षिक नफ्याआधी महिनावार आवक-जावक मांडा. अहवालाचा जीव तिथेच आहे. यंत्रांची कोटेशनं सगळेच जोडतात, खेळतं भांडवल मात्र हमखास कमी धरलं जातं. लघुउद्योगांसाठी नायक समितीचं सूत्र असं: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल, त्यापैकी उलाढालीच्या २० टक्के बँकेचं, ५ टक्के उद्योजकाचं. हंगामी धंद्याला तेवढं पुरेलच असं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १० टक्के स्वतः उभारावे लागतात. ते कुठून येणार, हेही स्पष्ट लिहा.